गोळीला हवी कष्टाची जोड : ज्येष्ठ भगिनींची हाडे आणि स्नायू

आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी औषधांचा एक डबा असतो. त्या डब्यात रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर कॅल्शियमच्या गोळ्यांची एखादी पट्टी हमखास सापडते. आई किंवा आजी गुडघे दुखतात म्हणते, कंबर धरली म्हणते आणि घरातील कमावता मुलगा औषधाच्या दुकानातून ती पट्टी आणून देतो. आपले कर्तव्य केल्याचे समाधान त्याला मिळते. ती माउलीही गोळी घेते आणि पुन्हा कॉटवर जाऊन बसते. "आता तुझे वय झाले, तू काही उचलू नकोस," असे सारेच तिला प्रेमाने सांगतात. या प्रेमात एक मोठी गफलत दडलेली आहे आणि तिचाच विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे, की उतारवयातील स्त्रीला कॅल्शियम व जीवनसत्त्व ड यांची गरज असते हे खरे; परंतु हाडांवर आणि स्नायूंवर भार पडल्याशिवाय नुसत्या गोळीचा उपयोग फार थोडा होतो. उलट, पोटात पुरेसे काही नसताना नुसता व्यायाम करणे हेही अपुरेच. दोहोंची जोड घातली तरच शरीराला खरा लाभ मिळतो. हे असे का, ते आता पाहू.

हाड म्हणजे निर्जीव काठी नव्हे

हाड एकदा तयार झाले की ते तसेच राहते असा आपला समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. हाड जिवंत असते. त्यात जुना भाग पोखरून काढणाऱ्या पेशी असतात, तशाच नवा भाग भरणाऱ्या पेशीही असतात. हे मोडणे आणि भरणे जन्मभर चालू राहते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातील ९९ टक्के हाडांत व दातांत साठविलेले असते. उरलेले एक टक्का रक्तात व पेशींमध्ये असते. हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश ही कामे त्यावर चालतात. आहारातून कॅल्शियम कमी पडले की शरीर ही निकडीची कामे थांबवीत नाही. ते हाडांतल्या साठ्यातून उचल करते. हाडे म्हणजे कॅल्शियमची बँक म्हणा ना! जमा कमी आणि उचल जास्त झाली की खाते रिकामे होणारच.

स्त्रीच्या बाबतीत एक विशेष अडचण येते. इस्ट्रोजेन नावाचा अंतःस्राव हाडे पोखरणाऱ्या पेशींना आवर घालत असतो. पाळी बंद होते त्या सुमारास हा स्राव झपाट्याने कमी होतो, आवर सुटतो आणि पुढची पाच-दहा वर्षे हाडांची झीज वेगाने होते. आपल्याकडे बहुतेक स्त्रियांची पाळी पन्नाशीच्या आतच थांबते. त्यात लहानपणी पोटभर दूध न मिळालेले, लागोपाठची बाळंतपणे आणि वर्षानुवर्षे सर्वांच्या मागून जेवण्याची सवय! म्हणजे खाते उघडतानाच जमा कमी. हाडे अशी सच्छिद्र व ठिसूळ होण्याच्या विकाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. त्याचे वैगुण्य हे, की हाड मोडेपर्यंत तो बहुधा काही दुखत-खुपत सांगत नाही. गुडघेदुखी हा बहुतेक वेळा सांध्यांच्या झिजेचा प्रकार असतो आणि तो वेगळा. म्हणून 'गुडघे दुखतात, सबब कॅल्शियम' हे समीकरण बरोबर नाही.

पडणे हे अर्धे दुखणे

हाड ठिसूळ असले तरी ते मोडायला बहुधा एक निमित्त लागते, ते म्हणजे पडणे. माणूस पडतो का, याचे उत्तर हाडांत नसून बरेचसे स्नायूंत आहे. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू बारीक होत जातात. त्यातही झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी कमी होतात. पाय घसरला असता क्षणात दुसरा पाय पुढे टाकून तोल सावरण्याचे काम नेमके हेच तंतू करतात. वयोमानाप्रमाणे होणाऱ्या या स्नायूक्षयाला १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञांनी सार्कोपेनिया असे नाव सुचविले. तोपर्यंत याला स्वतंत्र नावही नव्हते. 'म्हातारपण' म्हणून सारे सोडून देत.

आपल्या वस्त्यांतील परिस्थिती डोळ्यांपुढे आणा. ओली मोरी, चाळीचा अरुंद जिना, रात्रीचा अंधार, उकिडवे बसावे लागणारे शौचालय. मांड्यांत ताकद उरली नाही की उकिडवे बसून उठणे अवघड होते. मग बाई पाणी कमी पिते, बाहेर जाणे टाळते, लग्नकार्याला येत नाही. तिचे जग एका खोलीपुरते होते. एखाद्या दिवशी ती मोरीत घसरते आणि खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया, महिनोन्महिने अंथरूण आणि घरातील एका माणसाची, बहुधा सुनेची किंवा लेकीची, नोकरी किंवा शिक्षण थांबणे असा हा प्रसंग असतो. अनेक स्त्रिया त्यानंतर पूर्वीसारख्या स्वतंत्रपणे चालू शकत नाहीत. तेव्हा हा प्रश्न एका म्हाताऱ्या बाईच्या हाडाचा नाही. साऱ्या कुटुंबाच्या घडीचा आणि त्या बाईच्या स्वाभिमानाचा आहे.

नुसत्या गोळीने किती होते?

या प्रश्नाचा शोध मोठमोठ्या प्रयोगांतून घेतला गेला आहे. फ्रान्समधील वृद्धाश्रमांत राहणाऱ्या तीन हजारांवर स्त्रियांना दररोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम व ८०० एकक जीवनसत्त्व ड देऊन पाहण्यात आले. या स्त्रियांचे सरासरी वय ८४ होते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दीड वर्षात त्यांच्यात खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण, पूरक न घेणाऱ्यांच्या तुलनेत, बरेच कमी आढळले. हे वाचून कोणीही म्हणेल, की मग गोळी पुरे!

पण पुढे अमेरिकेत ५० ते ७९ वयाच्या ३६,२८२ स्त्रियांवर याहून मोठा प्रयोग झाला. त्यांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम व ४०० एकक जीवनसत्त्व ड सुमारे सात वर्षे दिले गेले. २००६ साली निष्कर्ष आले. खुब्याच्या हाडाची घनता सुमारे एक टक्क्याने चांगली राहिली; पण हाडे मोडण्याचे प्रमाण ठामपणे सांगावे इतके कमी झाले नाही. मूतखड्याचे प्रमाण मात्र १७ टक्क्यांनी वाढले.

या दोन निष्कर्षांत विरोध दिसतो तो वरवरचा. फ्रान्समधील स्त्रिया अतिवृद्ध, उन्हात न जाणाऱ्या आणि आहारात कॅल्शियम कमी असलेल्या होत्या. अमेरिकेतील स्त्रिया वयाने लहान व बहुतेक चांगल्या आहाराच्या होत्या. तात्पर्य असे, की जिथे उणीव आहे तिथे गोळी उणीव भरून काढते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले तर ते सांडणारच. आणि दोन्ही ठिकाणी गोळीने स्नायूंत बळ आणले असे कोणीही म्हटलेले नाही.

भार पडला तरच हाड भरते

हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलते, हे तत्त्व जर्मन शल्यतज्ज्ञ यूलिउस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. टेनिस खेळणाऱ्याच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. उलट अंतराळवीराला भारहीन अवस्थेत राहावे लागते, तेव्हा उत्तम आहार असूनही त्याच्या खुब्याचे हाड दर महिन्याला एक टक्का किंवा त्याहून जास्त झिजते. हाडाच्या आत असलेल्या पेशींना ताण जाणवला तरच त्या 'येथे भर घाला' असा निरोप पाठवितात. निरोपच गेला नाही तर आणलेले कॅल्शियम तिथे बसवायचे कोणी? विटा आणून अंगणात ठेवल्या म्हणून भिंत उभी राहत नाही, गवंडी लागतो. आणि गवंडी आला पण विटाच नाहीत, तरीही भिंत होत नाही.

अमेरिकेतील बोस्टन शहरातील प्रयोग याबाबत फार बोलके आहेत. १९९० साली मारिया फियातारोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहातील दहा वृद्धांना, ज्यांचे सरासरी वय ९० होते, आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली आणि दोघांची तर काठी सुटली! त्यानंतर १९९४ साली त्यांनी १०० दुर्बल वृद्धांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत ६३ स्त्रिया होत्या. सर्वांचे चार गट केले: एकाला व्यायाम, दुसऱ्याला ऊर्जा, प्रथिने, खनिजे व जीवनसत्त्वे असलेले पूरक पेय, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला दोन्ही नाही. दहा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांची ताकद सरासरी ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग वाढला, जिना चढण्याची शक्ती वाढली. नुसते पूरक पेय घेणाऱ्यांच्या दुर्बलतेत फरक पडला नाही.

येथे विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्यायाम करणाऱ्यांच्या मांडीच्या स्नायूचे आकारमान वाढले ते केवळ पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. मग ताकद दुप्पट कशी झाली? याचे कारण असे, की सुरुवातीला मज्जासंस्था झोपी गेलेल्या तंतूंना पुन्हा कामाला लावते. स्नायू भरणे ही त्यानंतरची, सावकाश होणारी गोष्ट. म्हणूनच पहिल्या दोन महिन्यांतच आजीला फरक जाणवू लागतो. हाडांतील फरक मात्र वर्षभराने मोजता येतो.

हाडांबद्दल सांगायचे तर, १९९४ सालीच मिरियम नेल्सन यांनी ५० ते ७० वयाच्या ४० स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. आठवड्यातून फक्त दोन दिवस जोमदार वजन-व्यायाम करणाऱ्यांच्या कण्याची व खुब्याची घनता वर्षभर टिकून किंचित वाढली, तर न करणाऱ्यांची घटली. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठातील प्रयोगात ठिसूळ होऊ लागलेल्या हाडांच्या १०१ स्त्रियांपैकी एका गटाने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठ महिने जड वजने उचलली आणि दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अहवालात पहिल्या गटाच्या कण्याची घनता २.९ टक्क्यांनी वाढलेली व दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटलेली दिसते. याचा अर्थ नुसते हातपाय हलविणे पुरेसे नाही. चालणे हृदयाला उत्तम, पण हाडाला व स्नायूला त्याहून जास्त आव्हान हवे.

"आम्ही आयुष्यभर कष्टच केले!"

असे आमच्या भगिनी म्हणतील आणि ते शंभर टक्के खरे आहे. डोक्यावर हंडे, शेतात खुरपणी, बांधकामावर घमेली. त्या कष्टांना कोणी व्यायाम म्हणू नये. ते सक्तीचे होते, पोटात पुरेसे नसताना केलेले होते आणि त्यात विश्रांती नव्हती. व्यायामात भार आपण ठरवितो, हळूहळू वाढवितो आणि मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवतो. शिवाय शहरातील इमारतीत राहायला आल्यावर, नळ घरात आल्यावर, तो भारही अचानक सुटला. धुणी-भांडी चालू असतात, पण त्यात पाठ वाकते, मांड्यांना मात्र पुरेसे काम मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांप्रमाणे ज्येष्ठांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा आणि तीन दिवस तोल सावरण्याचा सराव करावा. त्यासाठी महागडी व्यायामशाळा हवीच असे नाही. घरी करण्याजोगे प्रकार असे:

१) न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिच्यावरून हात न टेकता उठावे व सावकाश बसावे. जमत नसेल तर प्रथम हाताचा आधार घ्यावा.

२) भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळहातांनी भिंतीवर भार देत कोपर वाकवावे व पुन्हा सरळ करावे.

३) ओट्याला धरून टाचा उचलाव्यात व हळू खाली आणाव्यात.

४) पाण्याने, पुढे वाळूने भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन खांद्यापर्यंत आणि जमल्यास डोक्यावर उचलाव्यात.

५) भरलेली पिशवी पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांत वाकून उचलावी आणि खोलीत चार फेऱ्या घालाव्यात.

६) ओट्याजवळ उभे राहून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत तोल सांभाळावा.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, मध्ये थांबून पुन्हा एकदा करावा. शेवटचे दोन-तीन वेळा करताना कष्ट पडले पाहिजेत. बारा वेळा सहज जमू लागले की वजन थोडे वाढवावे. हे वाढविणे हाच या व्यायामाचा प्राण आहे. श्वास रोखून धरू नये, उचलताना सोडावा. छातीत दुखणे, चक्कर किंवा धाप लागल्यास लगेच थांबावे. हृदयविकार, आवाक्याबाहेरचा रक्तदाब किंवा पूर्वी मोडलेले हाड असल्यास डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. मणका दबलेला असेल तर कमरेतून पुढे वाकण्याचे व्यायाम टाळावेत. ऑस्ट्रेलियातील प्रयोगासारखी जड वजने घरी एकटीने उचलू नयेत. त्याला जाणकाराची देखरेख हवीच.

ताट आधी, गोळी नंतर

पन्नाशीनंतरच्या स्त्रीला दिवसाला साधारण १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ते शक्य तितके ताटातून यावे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम, कपभर दुधात २०० हून अधिक आणि शेवग्याच्या १०० ग्रॅम पाल्यात ३०० हून अधिक कॅल्शियम असते. दही, ताक, तीळ, राजगिरा आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी सुकी मासळी हेही चांगले स्रोत. स्नायूंसाठी प्रथिने हवीत: ५० किलो वजनाच्या बाईला दिवसाला किमान ५० ग्रॅम. डाळ, उसळ, अंडी, मासे, सोयाबीन यांचा वाटा तिच्या ताटात अखेरीस नव्हे, आधी पडला पाहिजे. बाजरी, डाळी, शेंगदाणे यांतून मॅग्नेशियम व जस्तही मिळते. त्यांच्या वेगळ्या गोळ्यांची बहुतेकींना गरज नसते.

ताटातून भागत नसेल तेवढ्यापुरती गोळी घ्यावी. त्याबाबत काही व्यवहारी सूचना:

- एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम शरीर नीट शोषीत नाही. म्हणून मात्रा विभागून घ्यावी. वेष्टनावर '१२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट' असे असले तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते.

- कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे. सिट्रेट केव्हाही चालते.

- लोहाची गोळी त्याच वेळी घेऊ नये. थायरॉइडची गोळी व कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे.

- मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतीही खनिजाची गोळी घेऊ नये.

- जीवनसत्त्व डची ६०,००० एककांची पुडी रोज घेण्यासाठी नसते. ती रोज घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच, सांगितलेल्या मुदतीपुरती घ्यावी.

- विड्याचा चुना खाऊन कॅल्शियम मिळविण्याचा नाद करू नये. मिश्री व तंबाखू हाडांचेही शत्रू आहेत.

भारतात ऊन भरपूर असूनही जीवनसत्त्व डची कमतरता सर्वत्र आढळते, कारण अंग झाकलेले, घरे अंधारी आणि वाढत्या वयात त्वचेची ते तयार करण्याची शक्ती कमी. म्हणून शक्य असल्यास हात-पाय उघडे ठेवून काही वेळ उन्हात बसावे.

आणखी एक सांगणे आवश्यक आहे. किरकोळ पडण्याने मनगट, मणका किंवा खुबा मोडला असेल, उंची कमी झाली असेल किंवा पाठीला बाक येत असेल, तर डेक्सा नावाची हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्यावी. तिचा टी-आकडा उणे २.५ किंवा त्याखाली असला तर तो ऑस्टिओपोरोसिस समजतात. अशा वेळी व्यायाम व कॅल्शियम यांवर विसंबून चालत नाही. त्यावर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत आणि ती वेळेवर सुरू झाली पाहिजेत.

आपण सारे काय करू शकतो?

आरोग्य शिबिरात गोळ्या वाटणे सोपे असते. फोटो निघतो, आकडा अहवालात येतो. पण पट्टी संपते तेव्हा पुढे काय? त्यापेक्षा आमची सूचना अशी, की संस्थेच्या सभागृहात आठवड्यातून दोन दिवस, दुपारच्या निवांत वेळी, केवळ ज्येष्ठ भगिनींसाठी एक तास राखून ठेवावा. वीस खुर्च्या आणि वाळू भरलेल्या चाळीस बाटल्या एवढेच साहित्य लागेल. सुरुवातीला एखाद्या भौतिकोपचार तज्ज्ञाने येऊन प्रत्येकीला योग्य प्रकार दाखवावा. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी एक वही ठेवावी. खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात कोण किती वेळा उठते, एवढे दरमहा लिहावे. वाढता आकडा पाहून आलेला उत्साह कोणत्याही भाषणाने येणार नाही. एकटीला घरी लाज वाटते, कंटाळा येतो. दहाजणी एकत्र आल्या की गप्पांत तास सरतो.

ज्या हातांनी घमेली उचलून आपल्याला शाळेत पाठविले, ते हात आज कॉटचा कठडा धरून उठत असतील तर त्यांना केवळ गोळीची पट्टी देऊन आपले ऋण फिटत नाही. घरातील तरुणांनी रोज विचारायचा प्रश्न बदलावा. "आई, गोळी घेतलीस का?" एवढेच न विचारता, "आई, आज किती वेळा उठलीस-बसलीस?" हेही विचारावे आणि जमल्यास शेजारी खुर्ची ओढून तिच्याबरोबर स्वतःही उठावे-बसावे.